क्विरिनची खुर्ची आणि अडीच किलोची बंदूक

खुब्यात पोलाद बसवायच्या आदल्या दिवशी बुर्गलने डॉक्टरला बजावलं होतं, "नीट बसव बाबा. मला ह्याच्यावर डोंगर चढायचाय, चर्चला जायचं न्हाय."

डॉक्टर शहरातला. त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. साठी उलटली की बायका खिडकीत बसून मोजे विणतात, असं त्याला कुणीतरी शिकवलं असावं. बुर्गलला विणता येत नव्हतं. तिला तीनच गोष्टी चांगल्या यायच्या: चालणं, नेम धरणं आणि दुसऱ्याची पत्रं वाचणं.

पूर्ण नाव नोटबुर्गा प्राक्समारर. ओबरश्रोफन ह्या आमच्या डोंगरगावच्या टपालात एकतीस वर्षं काढली. वरच्या अकरा घरांना मोटार जात नाही, तिथं ती पायी जायची, पाठीवर थैला टाकून. कार्ड हातात द्यायच्या आधीच दारातनं ओरडायची, "तुझी बहीण येतीया रविवारी. भांडाय येतीया, लिहिलं न्हाय, पण अक्षरावरनं दिसतंय." कुणी तक्रार केली तर म्हणायची, "उघडं कार्ड वाचायसाठीच असतंय. झाकायचं तर पाकिटात घाला." मग लोक पाकिटात घालायला लागले. तेव्हा ती पाकीट उजेडाकडं धरायला लागली.

नवऱ्याचं नाव क्विरिन. आमच्या खोऱ्यात नवरे डोंगरावरनं पडून मरतात, ते मानाचं मरण. क्विरिन खानावळीतल्या खुर्चीवरनं पडला. शेगडीजवळच्या गोल टेबलाशी त्याची खुर्ची होती, तिचा पुढचा डावा पाय बोटभर आखूड. तो रोज पेल्याखालचा पुठ्ठा दुमडून त्या पायाखाली सरकवायचा आणि मग बसायचा. एक दिवस पुठ्ठा सरकवायचा राहिला. डोकं शेगडीच्या कोपऱ्यावर. बुर्गलला बोलावलं, तिनं बघितलं आणि विचारलं, "पेला भरलेला हुता का रिकामा?" रिकामा होता. "मग ठीक," म्हणाली. लोकांना ते वाईट वाटलं. पण त्याला सहा वर्षं झाली आणि त्या सहा वर्षांत त्या खुर्चीवर तिनं कुणाला बसू दिलं नाही, हेही खरं. गोल टेबलाची खुर्ची घरच्यांनी दिल्याशिवाय कुणाची होत नाही. हॉटेलवाल्या सेराफिननं दोनदा मागितली. दोन्ही वेळा बुर्गल म्हणाली, "तुझं बूड त्यात मावायचं न्हाय."

ह्या सेराफिनशीच पुढं गाठ पडली.

आमचा गावाचा शिकारसंघ आहे. नऊ जणं. दरसाल सरकार ठरवून देतं, किती गम्स मारायच्या. गम्स म्हणजे आमच्या कड्यांवरची रानशेळी, आकड्यासारख्या शिंगांची. त्या नऊ जणांत वाटून घ्यायच्या. ह्यूबर्टस संताच्या दिवशी पाद्री आमच्या बंदुकांवर पवित्र पाणी शिंपडतो. गम्सचा पाद्री कोण आहे, ते अजून कळलेलं नाही. संघाचे नियम तीन: आपलं जनावर, आपला हात, आपली बंदूक. तिसरा नियम सेराफिनच्या बापामुळं आला, कारण तो हॉटेलच्या पाहुण्यांना स्वतःच्या बंदुका देऊन आपल्या नावावर गम्स पाडून घ्यायचा. आणखी एक कलम असं, की लागोपाठ तीन वर्षं ज्याच्या हाताला जनावर लागलं नाही, त्याचं नाव काटायचं.

बुर्गलची दोन वर्षं कोरी गेली होती. पहिलं वर्ष दवाखान्यात गेलं. दुसऱ्या वर्षी ती वर पोचली, पण बापाची बंदूक घेऊन. ती बंदूक जुन्या लष्करी रायफलीची केलेली, दुर्बिणीसकट सव्वापाच किलो. गाढवाच्या पाठीलाही जड होईल असा तिचा दस्ता. कड्यावर पोचेतो बुर्गलचा खुबा भाजत होता, छाती भात्यासारखी चालली होती आणि नळी अशी नाचत होती, की समोरच्या गम्सनं शांतपणे आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं आणि निघून गेली. तेव्हा मी शेजारी होतो. मी विगील, संघाचा रानराखा. ज्याची शिकार असेल त्याच्यासोबत वर जाणं हे माझं काम.

तिसरं वर्ष सुरू होतं. नोव्हेंबरात मार्टिन संताच्या सणाला संघाची बैठक बसते आणि बुर्गलची जागा रिकामी झाली की ती आपल्याला मिळणार, असं सेराफिन उघड बोलत होता. त्यानं हॉटेलच्या पुढच्या वर्षीच्या छापील पत्रकात "गम्सची शिकार" असं आधीच घातलंही होतं.

"मला हलकी बंदूक पायजे," बुर्गल मला म्हणाली. "माझा नेम गेला न्हाय. फक्त तो वर न्ह्यायला मला जड जातंय."

आणि त्याच आठवड्यात दूधडेअरीच्या फळ्यावर चिठ्ठी लागली. मोत्यासारखं अक्षर: "पर्वतीय शिकारीसाठी उपयुक्त अशी वापरलेली, हलक्या वजनाची रायफल योग्य व्यक्तीस विकणे आहे. होफराट डॉ. हाइंडल."

होफराट म्हणजे दरबारी सल्लागार. दरबार बुडून पाऊणशे वर्षं झाली, सम्राट मेला, पण सल्लागार अजून निवृत्त होतायत. आमचे हे होफराट व्हिएन्नाच्या कुठल्याशा खात्यातनं निवृत्त झालेले. अकरा वर्षं गावाबाहेरचं एक लाकडी घर भाड्यानं घेऊन राहत होते. माणूस उंच, स्वच्छ, आणि बोलायचे छापल्यासारखं. आम्ही बोलतो ते उकरून काढल्यासारखं. त्यांचं आम्हाला सगळं कळायचं. आमचं त्यांना निम्मं कळायचं, आणि ते बरंच होतं.

संघाबाहेरच्यासाठी वर्षाला एक सरकारी परवाना निघतो, तो दरसाल तेच घ्यायचे. त्यांना शिकारीच्या चालीरीतींचं भारी वेड. खिशात वही. कुणी काही सांगितलं की लिहून घ्यायचे. एकदा खानावळवाल्यानं सांगितलं, की शिकारीला जाताना डावा मोजा उलटा घालायची इथली जुनी रीत आहे. दोन वर्षं उलटा मोजा घालून हिंडले. गम्स मात्र एकही नाही. उलट त्यांच्या भुवईवर अर्ध्या चंद्रासारखी खूण होती. हलकी बंदूक बार झाल्यावर उसळून मागं येते. डोळा दुर्बिणीला फार जवळ असला तर दुर्बिणीची कड भुवईत बसते. त्यांच्या भुवईत ती तीनदा बसली होती, एकाच जागी. नेमात सातत्य होतं म्हणायचं. गाव त्यांना पाठीमागं चंद्रकोर म्हणायचं.

बुर्गल आणि मी त्यांच्या घरी गेलो. कॉफी आली, सोबत केकचा तुकडा आला, आणि मग मखमलीत गुंडाळलेली बंदूक आली. मी बुर्गलकडं बघितलं. लग्नात क्विरिनकडं तिनं असं बघितलं नसणार.

बिजागरीवर मधे मोडायची बंदूक ती. मोडायची, एक गोळी घालायची, मिटायची. एकच गोळी, दुसरी संधी नाही. दोन भाग करून पाठीवरच्या पिशवीत घालता येते. वजन अडीच किलो, दुर्बिणीसकट तीन. बाजूच्या पोलादी पट्टीवर कड्यावर उभी असलेली गम्स कोरलेली, केसन् केस दिसेल अशी.

"कोरीवकाम बारकाईनं पाहावं, बाई," होफराट म्हणाले.

"बघितलं की. अकरा वर्सांत ह्या बंदुकीला लागलेली तेवढीच एक गम्स."

मी कॉफीत तोंड खुपसलं. होफराट जरा लाल झाले, पण भला माणूस. म्हणाले, "ते सत्य आहे. म्हणूनच मी ती विकत आहे. तीस हजार शिलिंग. ही किंमत अंतिम आहे."

"होफराटसाहेब, ही बंदूक गम्सला लागत न्हाय, तुमालाच लागती. तीस हजार कशाचं वो? पंधरा."

"क्षमा असावी, अंतिम."

"बरं, मारून तरी दावा."

घरामागं दगडी कुंपण होतं आणि पलीकडं मातीचा बांध. त्यावर कागद लावला. होफराट कुंपणापाशी बसले, बंदुकीची नळी थेट दगडावर टेकवली आणि लगोलग पाच बार काढले. पहिला कागदाच्या मधोमधापेक्षा वीतभर वर. दुसरा त्याच्या वर. तिसरा त्याच्याही वर. पाचवा कागद सोडून स्वर्गाला गेला.

"पाहिलंत? शिडी चढते," ते खिन्न होऊन म्हणाले. "शहरातल्या कारागिरानं दोनदा तपासली. म्हणतो, निर्दोष आहे."

माझं तोंड उघडलं होतं. बुर्गलनं पोलादी खुब्यानिशी माझ्या पायावर पाय दिला.

आमच्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल, की नळी दगडावर टेकवली की बार होताना ती दगडावरनं उडी मारते आणि गोळी वर जाते. टेकवायची ती पुढची लाकडी मूठ, आणि तीही मऊ कशावर तरी. शिवाय असली बारीक नळी पाच बारांत तापते, आणि तापली की जिकडं मन जाईल तिकडं गोळी टाकते. पण गम्सला काय पाच बार टाकायचेत? एकच, थंड नळीचा. बंदूक सोन्यासारखी होती. होफराट तिच्याकडनं चुकीचं काम घेत होते, एवढंच.

वाटेवर बुर्गल म्हणाली, "सांगितलं की त्यांचा बार बसायला लागंल. बसायला लागला की बंदूक विकत्यात कशाला?"

"म्हंजे फसवायचं?"

"फसवाय मी काय बोलले तर न्हाय. मी बोललेच न्हाय." दहा पावलं पुढं गेली. मग म्हणाली, "वर न्हेऊ त्याला. खाली त्यो होफराट हाय. वर पोल्डी आसंल."

हे आमच्याकडं असं असतं. वरच्या कुरणांच्या वाटेवर एक लाकडी क्रूस आहे. त्याच्या खाली जो तो आपापल्या मानानं: अहो, जाहो, साहेब. क्रूस ओलांडला की सगळे एकमेकांना नुसत्या नावानं, अरे-तुरे; होफराटांचं नाव पोल्डी. मंत्री असो की गुराखी. वर देव जवळ असतो म्हणून सगळे सारखे, असं पाद्री सांगतो. खरं कारण असं, की चढावर दम लागलेल्या माणसाला "होफराटसाहेब" एवढं म्हणायला श्वास पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी बुर्गल त्यांना म्हणाली, "टेबलावर बंदूक कळत न्हाय. वर उतारावर बघते, मग किमतीचं बोलू."

"वर?" होफराटांचा चेहरा उजळला. "म्हणजे क्रुसाच्या वर?"

त्यांच्याकडं बघताना माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं, की अकरा वर्षं हा माणूस डोंगर चढत होता, तो काही गम्ससाठी नव्हे. खाली खानावळीत त्यांना खिडकीजवळचं वेगळं टेबल असायचं. पांढरं कापड, फुलदाणी, आणि "होफराटसाहेब, सूप गरम आहे." त्या टेबलावर अकरा वर्षांत दुसरं कुणी बसलं नव्हतं.

वर डोंगरावर मी दोन दिवस आधीच जाऊन आलो होतो. बुर्गलच्या वाटणीला आलेलं जनावर म्हणजे एक म्हातारी भाकड गम्स, पिल्लू नसलेली, कळपापासनं वेगळी राहणारी. ती रोज सकाळी वरच्या दगडी ओघळीत येऊन बसते, हे मी बुर्गलला सांगून ठेवलं होतं. होफराटला नाही. बेत असा, की चढता चढता सौदा करायचा, ओघळीशी पोचेतो बंदूक बुर्गलची झालेली असेल.

क्रूस आला. होफराट थांबले, टोपी काढली आणि म्हणाले, "मी पोल्डी."

"म्हायती हाय," बुर्गल म्हणाली. "अकरा वर्सं दर खेपंला सांगतुयास. चल पुढं, पाय उचल."

त्या माणसाला इतकं खूश झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. तो "ए बुर्गल", "अरे विगील" करत, बंदुकीचे दोन भाग पाठीवर घेऊन, पोरासारखा चढत होता. सौद्याचं नाव काढलं की म्हणायचा, "अगं, वर गेल्यावर बोलू, किती सुंदर सकाळ आहे!" बुर्गल दात खात होती. खुबा करकरत होता. पण पाठीवर वजन नव्हतं आणि ती चढत होती. मागच्या वर्षी जिथं बसकण मारली होती, तो दगड तिनं थांबल्याशिवाय ओलांडला. ओलांडताना त्यावर थुंकली.

शेवटच्या कड्यावर आम्ही पोटावर पडून डोकं वर काढलं. आणि गम्स तिथं होती. दीडशे-पावणेदोनशे पावलांवर, सपाट दगडावर बसून रवंथ करत.

बंदूक पोल्डीच्या हातात. जोडलेली, गोळी घातलेली. सौदा झालेला नाही.

"माझं जनावर हाय," बुर्गल कुजबुजली. "पन बंदूक माझी न्हाय. आता ती उठायच्या आत बोल. किती?"

पोल्डीनं गम्सकडं बघितलं, बुर्गलकडं बघितलं. सरकारी नोकरीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला अडलेला माणूस लगेच ओळखू येतो.

"तीस," तो कुजबुजला.

"आरं चोरा! पंधरा."

"तीस. तुला घाई आहे, मला नाही."

"म्हाताऱ्या, तुला मी ढकलून दीन खाली. क्रुसाच्या खाली पडलास तर परत होफराट म्हणून पुरतील."

"अठ्ठावीस."

मी मधे पडलो, "आरं, समोरचं ऊन बघा." समोरच्या कड्याच्या भिंतीवरनं ऊन खाली सरकत होतं. ते दरीत पोचलं की वारा उलटतो, खालनं वर वाहतो, आणि मग आमचा वास गम्सच्या नाकात. फार तर दहा मिनिटं.

"सोळा," बुर्गल म्हणाली. "यापुढं माझ्याकडं न्हाय. खरंच न्हाय. बापाची बंदूक घे वर."

"त्या तोफेचं मी काय करू?"

गम्सनं कान हलवला. आम्ही तिघांनी डोकी खाली घेतली. गम्स पुन्हा रवंथ करायला लागली. पोल्डीनं बंदूक छातीशी ओढली. मग बुर्गलकडं न बघता, बंदुकीच्या कोरीवकामाकडं बघत म्हणाला, "पंधरा. आणि क्विरिनची खुर्ची."

बुर्गलनं मान वळवली.

"खाली," तो म्हणाला. "गोल टेबलावर. आणि खालीसुद्धा… तू. सगळ्यांनी."

मला वाटलं बुर्गल आता त्याला खरंच ढकलणार. ती त्याच्या भुवईवरच्या खुणेकडं बघत राहिली. समोर ऊन उतरत होतं. सहा वर्षं ती दर शनिवारी त्या टेबलाशी यायची आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर आपला कोट टाकायची. बसायची मात्र शेजारच्या बाकावर.

"त्या खुर्चीवरनं एक माणूस मेलाय," ती म्हणाली.

"चालेल."

"पाय आखूड हाय तिचा."

"चालेल म्हटलं ना."

"तुला चालंल रं," ती म्हणाली, आणि नाक कोटाच्या बाहीला पुसलं. थंडी होतीच. "दे हात."

आता आमच्याकडं सौदा तोंडानं होत नाही. दोघांनी हातात हात घ्यायचा आणि तिसऱ्यानं वरनं आपल्या तळव्यानं तो फाडदिशी तोडायचा, गुरांच्या बाजारात तोडतात तसा. आवाज झाला नाही तर सौदा झाला नाही. आणि इथं आवाज झाला की गम्स गेली. आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. तीन जाणती माणसं, एक पोटावर पडलेला दरबारी सल्लागार त्यात, आणि टाळी कुठं वाजवायची ते कळेना.

शेवटी बुर्गलनं पोल्डीच्या डोक्यावरची टोपी ओढली. जाड लोकरीची, विकत घेतलेला गम्सच्या केसांचा तुरा लावलेली. "हिच्यात घाल हात." दोघांचे हात टोपीत गेले, मी माझाही कोंबला आणि आतल्या आत तोडला. ढप् झालं. कुणी बिछान्यात ढेकूण मारावा तेवढं.

"झाला," मी म्हणालो.

त्याच वेळी गम्स उठली. बसलेल्या जनावरावर आमच्याकडं कुणी बार टाकत नाही, त्यामुळं हे आयतंच झालं. बुर्गलनं बंदूक घेतली. तीच टोपी दगडावर आपटून सपाट केली, तिच्यावर लाकडी मूठ टेकवली आणि गाल लावला. मी तिचा श्वास मोजत होतो. छाती शांत होती. नळी दगडासारखी स्थिर.

बार झाला. गम्स जागच्या जागी बसली आणि आडवी झाली. पायसुद्धा झाडला नाही.

मग बुर्गलकडं बघितलं तर तिच्या नाकावरनं रक्त चाललेलं. आयुष्यभर पाच किलोची तोफ गालाला लावलेली बाई, ह्या अडीच किलोच्या लाथेचा अंदाज चुकला. भुवईवर ताजी चंद्रकोर. तिनं जे शब्द काढले ते क्रुसाच्या वरही चालत नाहीत.

"लागली!" पोल्डी ओरडत होता. "लागली! मधोमध!" आणि मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे… ती बंदूक लागते?"

"लागती," बुर्गल रक्त पुसत म्हणाली. "आता माझी हाय."

पोल्डी त्या टोपीकडं बघत राहिला. तुरा मोडलेला, टोपीची भाकरी झालेली. मग खिशातनं वही काढली. मी वाकून बघितलं. त्यानं लिहिलं: "हातातोडीचा सौदा विकणाऱ्याच्या टोपीत करतात. नंतर पहिला बार त्याच टोपीवर बंदूक ठेवून टाकायचा, म्हणजे नेम लागतो. अतिप्राचीन प्रथा." मी बुर्गलला खुणेनं विचारलं, सांगू का? ती म्हणाली, "लिहू दे की. खोटं काय लिहिलंय त्यात?"

ओघळीत गम्सपाशी उतरलो. तिच्या तोंडात फरच्या झाडाची डहाळी ठेवली, तो तिचा शेवटचा घास. दुसरी डहाळी पोल्डीनं रक्तात बुडवून बुर्गलच्या टोपीत खोवली. त्या वेळी म्हणायचे शिकाऱ्यांचे शब्द त्यानं असे शुद्ध म्हटले, की पाद्री लाजला असता. बुर्गलनं गम्सच्या शिंगांवरची वळी मोजली. तेरा, म्हणजे तेरा वर्षांची. "ही बी भाकड, मी बी भाकड," तिच्या कानापाशी म्हणाली. "पन माझं गुडघं तुझ्यापरीस वाईट हायती, बये." आणि पोट फाडायला चाकू काढला.

मार्टिनच्या सणाला बैठक नेहमीसारखी खानावळीत, गोल टेबलापाशी. नऊ जणं, शिवाय जागेवर डोळा ठेवून बाकावर सेराफिन, प्रत्येकाच्या पुढं पावाचे गोळे घातलेलं सूप. होफराट अजून खिडकीजवळ, पांढऱ्या कापडाशी, कारण खुर्ची सगळ्यांसमोर द्यायची राहिली होती. मी यादी वाचली. "प्राक्समारर नोटबुर्गा, भाकड गम्स एक."

सेराफिननं चमचा ठेवला. "कुणाच्या बंदुकीनं?"

"माझ्या," बुर्गल म्हणाली.

"तुझी बंदूक घरात खुंटीला हाय. मी खिडकीतनं बघितली."

"माझ्या खिडकीत काय करत हुतास रं? बायकुला सांगू का?"

हसले सगळे, पण सेराफिन ऐकेना. "बंदूक होफराटांची हुती. नियम म्हंजे नियम. आधी बार झाला, मागनं सौदा झाला. काटा नाव."

"आधी सौदा झाला," मी म्हणालो. "मी हात तोडलाय."

"तू तिच्या मावशीचा पोरगा. तुझी साक्ष कोण धरतंय?"

खिडकीजवळनं होफराट उठले. "सौदा पूर्वीच झाला होता. मी स्वतः विक्रेता असून…"

"होफराटसाहेब, तुम्ही बसा," सेराफिन गोड आवाजात म्हणाला. "सूप गार होईल. ही गोल टेबलाची गोष्ट हाय. परक्याची साक्ष इथं चालत न्हाय, तुमालाच म्हायत हाय. तुमच्या वहीत असंल लिहिलेलं."

होफराट उभेच राहिले. हातात रुमाल. वहीत तसं खरंच लिहिलेलं होतं.

बुर्गल उठली. खुर्चीच्या पाठीवरनं आपला कोट काढला. सहा वर्षं तिथं टाकून टाकून कोटाच्या पाठीला खुर्चीचा आकार आला होता. कोट बाकावर फेकला आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "पोल्डी! ए पोल्डी! तिकडं फुलं काय हुंगतुयास? ये हिकडं, बस तुझ्या खुर्चीवर."

सुपातले चमचे थांबले. क्रुसाच्या खाली, दिवसाउजेडी, होफराटला अरे-तुरे. होफराट आपली पांढऱ्या कापडावरची सुपाची वाटी दोन्ही हातांत धरून, मिरवणुकीतल्या मूर्तीसारखे चालत आले. खुर्चीला नमस्कार करतात की काय असं वाटलं. आणि बसले.

पाय आखूड हे बुर्गलनं सांगितलेलं. पुठ्ठ्याचं कुणीच सांगितलेलं नव्हतं.

खुर्ची डावीकडं गेली, दरबारी सल्लागार तिच्या मागोमाग गेले, सूप त्यांच्या मागोमाग. एक गोळा सेराफिनच्या मांडीवर जाऊन बसला. सगळे अर्धे उठले, कारण शेगडीचा कोपरा सगळ्यांना आठवला. पण पोल्डी सरकारी माणूस, सावकाश पडला. बाकाच्या खालनं त्याचा आवाज आला, "मी ठीक आहे."

आणि मग हसू फुटलं. असं, की खानावळवाली भांडी टाकून बाहेर आली. आणि संघातला सुतार, जो अकरा वर्षांत त्यांच्याशी "नमस्कार साहेब" याच्यापुढं एक शब्द बोलला नव्हता, तो डोळे पुसत हात पुढं करून म्हणाला, "उठ रं पोल्डी! क्विरिन बी एवढ्या लवकर पडला नव्हता रं!"

पोल्डी सुपानं भिजलेला उठला. असा हसत होता, की भुवईवरची चंद्रकोर कपाळात गेली.

"आता सांग," सुतार म्हणाला. "आधी बार का आधी सौदा?"

"आधी सौदा. टोपीत."

"टोपीत?" सेराफिन ओरडला. "ही कुठली रीत?"

"अतिप्राचीन," पोल्डी म्हणाला. आणि वही काढून दाखवली. शाईनं लिहिलेलं, तारखेसकट. लिहिलेल्याला आमच्याकडं फार मान. सेराफिननं मांडीवरचा गोळा उचलून वाटीत टाकला. मी यादीत बुर्गलच्या नावापुढं खूण केली.

पोल्डी पुन्हा बसायला लागला, तशी बुर्गल म्हणाली, "थांब." सेराफिनच्या पेल्याखालचा पुठ्ठा ओढून घेतला, दोनदा दुमडला, पोलादी खुब्यावर कण्हत खाली वाकली आणि खुर्चीच्या डाव्या पायाखाली सरकवला. हातानं हलवून बघितली. हलली नाही.

"हां, आता बस. आन रोज बघून बसत जा. मला दुसऱ्यांदा इथं बोलावू नगा."

पुढच्या वर्षी पोल्डीनं दुसरी बंदूक घेतली, जुनीच, पण जरा जाड नळीची. ती टोपीवर ठेवून बार टाकतो, प्रथा म्हणून, आणि पहिल्या सालीच त्याला गम्स लागली. सेराफिनच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना तो ती रीत सांगतो. तेही निशाणावर बार टाकताना टोपीवर बंदूक ठेवतात. नळी ठेवतात, मूठ नाही. पोल्डीला अजून त्यातला फरक माहीत नाही. त्याचा हात आपला चुकून बरोबर जागी जातो. बुर्गल ऐकते, सूप पिते आणि काही बोलत नाही.